जोगाईपासून निळ्या कागदापर्यंत

अंबाजोगाई

आमची कुलदेवी अंबाजोगाईची. आम्ही राहतो चिपळुणात, खाडीच्या वाऱ्यावर, आणि देवी बसलीय पार तिकडे बालाघाटच्या डोंगरात. लग्न झाल्यापासून सासूबाई "एकदा ओटी भरून ये गो" म्हणत होत्या आणि मी "या दिवाळीत, त्या मे महिन्यात" करत चालढकल करत होते. यंदा जानेवारीत शेवटी निघालेच. खरं सांगायचं तर देवीइतकीच ओढ संजीवनीचीही होती. बी.एड.ला आम्ही दोघी एका खोलीत राहिलो. आता ती अंबाजोगाईत शाळेत शिकवते.

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि मला एक खोड आहे, ती आधीच सांगून टाकते. प्लास्टिक दिसलं की ते कुठल्या प्रकारचं हे मोठ्याने बोलल्याशिवाय मला राहवत नाही. बादली दिसली की "पॉलिप्रॉपिलीन!", पाइप दिसला की "पीव्हीसी!" नवरा म्हणतो, तू लग्नाच्या मांडवात माझ्याआधी खुर्च्यांकडे बघितलंस. बघितलं होतं. खुर्च्या खरंच चांगल्या होत्या.

तर देवळाबाहेर ओटीचं ताट घेतलं. खण पॉलिएस्टरचा, बांगड्या प्लास्टिकच्या, वेणीतली फुलं नायलॉनची. नारळ आणि तांदूळ तेवढे झाडापिकाचे. माझ्या तोंडाला कुठला दम! मी दुकानातल्या बाईंना एकेक करून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे हळदकुंकवाची पुडी ताटात ठेवली आणि म्हणाल्या, "देवी जात इचारीत न्हाई ताई, तुमी कावून इचारता?" संजीवनी गाभाऱ्यापर्यंत हसत आली. मी मात्र ओटी भरताना मनातल्या मनात देवीची माफी मागितली आणि सासूबाईंसाठी प्रसाद घेतला.

संजीवनीच्या घरी तिची आई आली होती, कौसामावशी. राहायला चकलांब्याला, गेवराई तालुक्यात, मुलाकडे. पण मोतीबिंदूसाठी लेकीकडे आलेल्या. ऑपरेशन होऊन महिना झाला होता, आता फक्त काळा गॉगल उरला होता. नऊवारी, कपाळभर कुंकू आणि वर तो गॉगल! मला इतकं आवडलं ते रूप की मी नमस्कार करता करता फोटोच काढला.

सकाळी ताटलीत सुशीला आली. म्हणजे चुरमुरे भिजवून, वर शेंगदाणे-मिरची-कढीपत्त्याची फोडणी. आमच्याकडे चुरमुरे भिजले की टाकून देतात. इथे मुद्दाम भिजवतात आणि असे खमंग करतात की मी दोनदा घेतली. खाता खाता मावशी म्हणाल्या, "डाक्टरनं भिंग बसीवलंय डोळ्यात."

"मावशी, ते भिंग म्हणजे अॅक्रिलिक," मी लगेच. "प्लास्टिकच की!"

संजीवनीने टेबलाखालून मला जोरात चिमटा काढला, पण तोवर उशीर झाला होता. मावशी म्हणजे प्लास्टिकच्या हाडवैरी. घरात प्लास्टिकची घागर येऊ देत नाहीत, पिशवीतलं दूध पातेल्यात ओतेपर्यंत नाक मुरडून बसतात. त्यांनी ताटली खाली ठेवली.

"माझ्या डोळ्यात पलास्टिक घातलं? आन् मला इचारलं बी न्हाई?"

"माय, तुला दिसतंय ना आता?" संजीवनी.

मावशींनी गॉगल वर केला आणि खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "दिसतंय. पान न् पान दिसतंय. बसू दे मेलं, बसलंय तर."

इतक्यात संजीवनीचा भाऊ जीप घेऊन आईला न्यायला आला. बाळासाहेब नाव, धिप्पाड माणूस, पण चेहरा असा पडलेला की मला वाटलं घरी काही वाईट घडलंय. चहा घेताना सगळं बाहेर आलं. त्यांनी मोसंबीची बाग लावलीय. झाडं लहानपणापासून टँकरच्या पाण्यावर जगवली, आणि यंदा पहिल्यांदाच बहार धरायचा, म्हणजे फळ घ्यायचं आहे. त्यासाठी मोठं शेततळं खणलं, त्यात अस्तर घातलं, पावसाळ्यात विहिरीचं पाणी उपसून काठोकाठ भरलं. आणि ते पाणी आता रोज खाली जातंय.

"ऊन पीत असंल की," मावशी म्हणाल्या.

"जानेवारीत एवढं ऊन कुठलं आलं माय? कागद फाटलाय. आन् कुणी फाडलाय ते मला म्हाईत हाय." अस्तराच्या जाड प्लास्टिकला तिकडे कागदच म्हणतात. "पाणी असंच गेलं तर उन्हाळ्याला झाडं मेली म्हणून समज."

कागद जोडला होता त्यांच्याच चुलतभावाने, नामदेवने. त्याचा तोच धंदा. गावोगाव शेततळ्यांचे कागद जोडत फिरतो. बाळासाहेबांचं म्हणणं, एक तर त्याने जोड कच्चे ठेवले, नाही तर बांधाच्या जुन्या कुरबुरीवरून मुद्दाम भोक पाडलं. हे त्यांनी त्याला भर चावडीवर ऐकवलं होतं. तेव्हापासून नामदेवने या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. त्याची आई लहानपणीच गेली, तो मावशींच्या हातचं खाऊन मोठा झालेला. जीपमध्ये बसताना मावशींनी लेकाचा आधार न घेता माझा हात धरला.

मला खरं तर दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं. पण फाटलेलं शेततळं! एवढं मोठं पॉलिथिन मी जन्मात बघितलं नव्हतं. "मी पण येते," म्हणून मी पिशवी जीपमध्ये टाकलीसुद्धा. संजीवनीने शाळेत रजेचा फोन केला.

नेकनूरचा बाजार

वाटेत नेकनूरला आठवडी बाजार भरला होता. बाळासाहेब "उशीर होतोय" म्हणत होते, पण मी लांबून रंग बघितले आणि ओरडले, "थांबवा!" दोरांच्या दुकानात बैलांचा सगळा साज, गोंडे, मोरक्या, माथोट्या, कासरे, घुंगरांच्या माळा, लाल, पोपटी, राणी रंग, नारिंगी, सगळे असे झगझगीत की बघूनच हसू फुटावं. आणि सगळं नायलॉन. दुकानदार एक म्हातारे चाचा होते. बोलता बोलता त्यांच्या बोटांतून गोंडा तयार होत होता; धागा विंचरायचा, गुंडाळायचा, मेणबत्तीच्या ज्योतीवर टोक धरायचं, की ते वितळून गाठ पक्की.

"पूर्वी लोकरीचे करीत होतो," चाचा म्हणाले. "पावसात भिजले की बैलाच्या कपाळावर रंग उतरायचा. ह्याचा रंग हलत न्हाई. बैल म्हातारा व्हतो, गोंडा जवान ऱ्हातो."

मी एक भलामोठा गोंडा आणि घुंगरांची मोरकी उचलली.

"बैल किती दाती हाय?" चाचांनी बैलाचं वय विचारलं.

"बैल नाही चाचा, स्कूटर आहे."

चाचांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग शेजारच्या दुकानदाराला हाक मारून सांगितलं, "ऐकलं का, बाई स्कूटरला मोरकी घालू लागल्यात!" आजूबाजूची माणसं जमली. एकाने विचारलं मारकी आहे का, दुसऱ्याने विचारलं दूध किती देते. मी म्हटलं, सकाळी सुरू व्हायला लाथा खाते, घ्या! हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. मावशी मात्र गंभीरपणे पुढे झाल्या, गॉगल वर करून प्रत्येक गोंड्याची गाठ तपासली, त्यात एक सैल निघाला तो परत केला. "आता दिसतंय मला," त्यांनी चाचांना बजावलं. चाचांनी हात जोडले.

चकलांबा

दुपारी शेतावर पोचलो. आमच्याकडे प्लास्टिक लागतं ते पाणी बाहेर ठेवायला. जून आला की छपरावर ताडपत्री, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, दप्तराला पिशवी, सरपणावर कागद. चार महिने नुसती मारामारी, पाणी आत येऊ नये म्हणून. आणि इथे ज्वारीच्या शेतामागचा मातीचा बांध चढून मी वर आले, तर पायाखाली एवढा मोठा निळा खड्डा, पाणी आत राहावं म्हणून नखशिखांत प्लास्टिक ल्यालेला! मी खुळ्यासारखी टाळ्या वाजवायला लागले. एकाच वस्तूला दोन मुलखांनी अगदी उलट कामाला लावलंय, आणि ती बिचारी दोन्हीकडे इमानाने राबतेय.

पाणी मात्र खरंच उतरलं होतं. बाळासाहेबांनी खुणेला बांधलेली दोरी वर कोरडी लोंबत होती. पलीकडे मोसंबीच्या रांगा, माणसाच्या खांद्याएवढ्या. बहार धरण्याआधी झाडांना ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. तशी ती पानं वाळवून, तहानलेली उभी होती. आता त्यांना पाणी द्यायची वेळ आली होती. आज भरपूर दिलं तर उन्हाळ्याला काय, आणि उन्हाळ्यासाठी राखून ठेवलं तरी ते राहतंय कुठे? बाळासाहेब ते बघत उभे होते आणि त्यांचा आवाज चिरकला. "दोन डाव पाण्यात उतरून चाचपलं ताई, भोक घावत न्हाई." माझी टाळी हवेतच राहिली.

मावशींना आम्ही दोन्ही बाजूंनी धरून वर आणलं. "धूळ जाईल डोळ्यात, वाकू नको, गॉगल काढू नको," संजीवनीचं चालूच होतं. मावशींनी वर येताच गॉगल काढला.

"हे निळं कधी केलं रं?"

"काय?"

"हा कागद. निळा कधी केला?"

"पहिल्यापसून निळाच हाय माय."

"चल! मला तर मातीवाणी दिसतोता."

हे मला ठाऊक होतं. मोतीबिंदू पिकला की डोळ्यापुढे पिवळट-तपकिरी पडदा येतो आणि निळा रंग आधी मरतो. ऑपरेशननंतर माणसं आभाळ बघून रडतात म्हणे. मावशी रडल्या नाहीत. नुसत्या "किती निळं हाय, किती निळं हाय," म्हणत बघत राहिल्या. 

मग हुरडा. बांधाखाली आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची, आणि भाजलं की गरम गरमच तळहातावर चोळायची. हिरवे, दुधाळ दाणे, सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. समुद्राकाठच्या माणसाला हे सुख ठाऊकच नाही. मी तोंड भाजत, हात पोळत, "अजून, अजून" करत आगटीच्या जवळ जवळ सरकत गेले. आणि मग वास आला.

"काय जळतंय?" संजीवनी.

जळत होती माझी चप्पल. एक निखारा उडून टाचेवर पडला होता आणि कधी आरपार गेला ते मला कळलंही नाही. मी चप्पल उचलून आभाळाकडे धरली. भोकातून सूर्य दिसत होता. नवीकोरी चप्पल! पण मला काही सुधारता येत नाही. "बघा बघा, वितळली बरं का, जळली नाही! कडा कशी गोल झालीय! हे उष्णता-मृदू प्लास्टिक, ह्याला ज्योत लागत नाही, नुसता निखारा पुरतो, अगदी एवढासा..."

मावशींचा हात तळहातावर चोळता चोळता थांबला. "एवढ्यानं भोक पडतंय?"

"हो तर!"

"उदबत्तीनं बी?"

"उदबत्तीने तर अगदी पेन्सिलीच्या टोकाएवढं. नेमकं."

"आन्... त्या कागदाला बी?"

"ते पॉलिथिन, तेही उष्णता-मृदूच मावशी. सारखंच."

मावशींनी हातातला हुरडा परत ताटात ठेवला. पदराने तोंड पुसलं. मग एकदम उठून बांधाकडे निघाल्या, आम्ही "अहो, अहो" करत मागे. वर जाऊन त्यांनी ईशान्येच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"बाळ्या, तिथं उतर. पाण्याखाली हातभर. एका वळीत सात भोकं असतील."

"तुला कसं म्हाईत?"

"साती आसरा पुजल्यात्या मी तिथं."

साती आसरा म्हणजे पाण्याच्या सात देवी. नवी विहीर असो की तळं, पाण्याकाठी सात खडे मांडून त्यांची पूजा केल्याशिवाय पाणी टिकत नाही, ही तिकडची रीत. कागद टाकून झाला, पाणी सोडायचं होतं, त्या सकाळी मावशी एकट्या जाऊन पूजा करून आल्या होत्या. पिकलेल्या मोतीबिंदूने. निळा कागद त्यांना माती दिसला. वाटलं, हा कोपरा अजून उघडाच ठेवलाय. सात खडे मांडले, सातींना हळदकुंकू वाहिलं, आणि प्रत्येकीपुढे एक पेटती उदबत्ती आडवी ठेवून हात जोडले.

"पाणी टिकावं म्हणून," मावशी म्हणाल्या, आणि मग त्यांना हसू यायला लागलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग त्या बांधावर बसूनच घेऊन हसायला लागल्या. संजीवनी "माय, डोळ्याला ताण येईल!" म्हणत स्वतःच डोळे पुसत होती. मी तर हातात जळकी चप्पल घेऊन लोळायची बाकी होते.

बाळासाहेब कमरेला दोर बांधून उतरले. पाण्यात हात फिरवत राहिले, फिरवत राहिले, आणि एकदम वर बघितलं. "सात हायत," ते म्हणाले. ते एकटेच हसत नव्हते. पाण्यात उभ्या उभ्या त्यांनी नामदेवच्या शेताकडे बघितलं.

"आता तोंड कसं दावू त्याला?" त्यांनी हळूच विचारलं.

"तू नगं दावू," मावशी उठल्या. "मी दावते. तोंडबी माझंच आन् उदबत्तीबी माझीच."

नामदेवचं शेत

आम्ही सगळे गेलो. नामदेव गोठ्यासमोर कागद जोडायच्या यंत्राची वायर गुंडाळत होते. आम्हाला बघून उठले, पण पुढे आले नाहीत. बाळासाहेब माझ्या मागे उभे राहिले, म्हणजे एवढा धिप्पाड माणूस माझ्यासारख्या ठेंगणीच्या मागे. मावशी थेट चालत गेल्या. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं असावं, कारण तोंड उघडलं होतं. पण जवळ जाऊन थांबल्या. गॉगल काढला. पुतण्याच्या तोंडाकडे बघितलं.

"नामदेवा, तुझे केस कधी पिकले रं?"

नामदेव गोंधळले. डोक्यावरून हात फिरवला. "लई दिस झाले, मोठीमाय."

"मला दिसलंच न्हाई." मावशींनी त्यांच्या गालाला हात लावला आणि मग मात्र रडल्या. हसताना थोपवलेलं सगळं रडल्या. 

उदबत्त्यांची गोष्ट मग मीच सांगितली, चप्पल दाखवून. नामदेवने ऐकून घेतलं. भोकातून माझ्याकडे बघितलं, मग बाळासाहेबांकडे बघितलं.

"जोड कच्चा व्हता म्हणं?"

"न्हाई," बाळासाहेब म्हणाले.

"भर चावडीत म्हणलातास."

"चावडीतच म्हणतो परत. उद्या. सगळ्यांम्होरं." आणि त्यांचा आवाज पुन्हा चिरकला. "चुकलं बे माझं."

नामदेवने वायर पुन्हा सोडायला घेतली. "पाणी भोकांच्या खाली आणावं लागंल. कागद कोरडा पायजे, त्याबगर चिकटत न्हाई."

"पाणी फेकून द्यायचं?" मी घाबरून विचारलं.

"फेकायचं कावून?" नामदेव पहिल्यांदा हसले. "मोसंबी तहानंली न्हाई का? ताण सोडायचाच हाय. विहिरीला अजून पाणी हाय, मागनं भरून घेऊ."

चकलांबा, निघायच्या आधी

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मोटार चालू होती. काळ्या नळ्यांमधून झाडाझाडाच्या बुडाशी थेंब पडत होते. मी अनवाणी बागेतून हिंडले, चप्पल नव्हतीच. ओल्या मातीचा वास आला की आम्हा कोकणातल्यांना कपडे वाळत घातलेत का ते आठवतं. इथे माणसं त्या वासासाठी थांबून उभी राहतात. मीही उभी राहिले.

कोपरा उघडा पडला तशी भोकं दिसली: सात, ओळीने, कडा गोल. नामदेवने उरलेल्या कागदाचे तुकडे कापायला घेतले. गोल कापतात, कोपरा ठेवला तर तिथूनच निघतो. मावशी बांधावरून बघत होत्या.

"नुसते गोल कावून कापतो? कमळं काप. आसरा हायत त्या."

"मोठीमाय, हे कागदाचं काम हाय, रांगोळी न्हाई."

"काप म्हणते ना!"

आणि नामदेवने कापली. पाकळ्यांची टोकं गोलसर ठेवून सात निळी कमळं कापली, गरम हवेच्या यंत्राने एकेक चिकटवली, वरून रूळ फिरवला. बाळासाहेब सकाळीच चावडीवर चूक कबूल करून आले होते, आता वायर धरून उभे होते. मी प्रत्येक कमळाला "जमलं!" म्हणून ओरडत होते. शेवटचं बसलं तेव्हा मावशींनी बांधावर, कागदापासून लांब, सात खडे मांडले. खाली बसण्याआधी नखाने जमीन उकरून बघितली, माती आहे ना म्हणून. उदबत्ती लावलीच नाही. हळदकुंकू, फुलं आणि हुरड्याचा नैवेद्य.

"आता बसा म्हणावं," त्या सातींना म्हणाल्या, "पण धूर मागू नगा."

निघताना मावशींच्या जुन्या चपला माझ्या पायात होत्या, शिवणीच्या, चामड्याच्या. "ह्याला निखारा काय करत न्हाई," त्यांनी बजावलं.

चिपळूण

स्कूटरला गोंडा बांधलाय. कॉलेजच्या फाटकातून मी आत शिरते तेव्हा घुंगरं वाजतात आणि बारावीचा वर्ग खिडकीशी गोळा होतो. सासूबाईंनी प्रसाद डोळ्यांना लावून घेतला, आणि मी ओटीत काय काय प्लास्टिकचं होतं ते सांगायला लागताच हात करून मला गप्प केलं.

परवा संजीवनीचा फोन आला. चकलांब्याला गेली होती. तळं विहिरीच्या पाण्याने परत भरलंय, मोसंबीला कळी दिसतेय म्हणाली. मी म्हटलं, पाण्याचं सांग आधी, दोरी कोरडी आहे की ओली? तेवढ्यात मावशींनीच फोन ओढून घेतला. त्या रोज सकाळी स्वतः बांधावर जाऊन बघतात. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर आता त्यांचा विश्वास नाही.

"पाणी जागचं हललं न्हाई पोरी," त्या ओरडून म्हणाल्या. "आन् नामदेवबी हलंना. रोज जेवायला हितंच हाय."